निःशब्द क्षेत्र क्रमांक सात

कातळबंदरच्या शाळेत जनसुनावणी सुरू होऊन तासभर झाला होता. केतकीचं सादरीकरण संपलं, अध्यक्षांनी कुणाला हरकत नोंदवायची आहे का असं विचारलं, आणि तिसऱ्या रांगेतून दिगंबर मेथर उभे राहिले. व्यासपीठावर बसलेल्या केतकीने समोरच्या कागदांत डोकं घातलं. ते तिचे वडील होते. गावाला हे ठाऊक होतं, पण अर्धं गाव मेथर आडनावाचं असल्यामुळे व्यासपीठावरच्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

साल २०४१, ऑक्टोबर महिना. 'अगाध' नावाच्या कंपनीला कातळबंदरपासून सहा किलोमीटरवर, तीस मीटर खोल पाण्यात चाळीस पोलादी टाक्या बसवायच्या होत्या. टाक्यांत संगणक असणार होते. जमिनीवर अशा संगणकांना थंड ठेवायला नद्याच्या नद्या लागतात. समुद्राच्या तळाशी पंप लावले की काम भागतं. मात्र तीन वर्षांपूर्वी नवा कायदा आला होता. समुद्राच्या ज्या भागात सजीवांचे आवाज ठरावीक पातळीच्या वर असतील तिथे असा कोणताही उद्योग करता येणार नव्हता. जो भाग मुका असेल, त्याला 'निःशब्द क्षेत्र' असा दाखला मिळायचा आणि तिथे मोकळीक होती. किनाऱ्यावर अशी अकरा क्षेत्रं जाहीर झाली होती. कातळबंदरसमोरचं क्षेत्र सातवं. समुद्रतळावरच्या तारेने टिपलेल्या आवाजांवरून अकराही नकाशे 'श्रुतिसागर' या पुण्याच्या संस्थेने तयार केले होते आणि त्या सगळ्यांवर मुख्य ध्वनितज्ज्ञ म्हणून केतकी मेथरची सही होती.

दिगंबर मेथरांना बारा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. समोरच्याचं बोलणं त्यांच्या फोनवर मोठ्या अक्षरांत उमटायचं, ते वाचून ते उत्तर द्यायचे. समुद्रावर ओरडून बोलायच्या सवयीमुळे ते जरा जास्तच मोठ्याने बोलले.

"थय घोळ मासे आसत. सांजच्या वक्ताक ढोल वाजवतत. नकाशो चुकीचो आसा."

कंपनीचे वकील सबनीस यांनी अगदी नम्रपणे विचारलं की आजोबा, आपल्याला तर ऐकू येत नाही, मग हे ढोल आपण ऐकता कसे. फोनवरची अक्षरं वाचून दिगंबर म्हणाले, वल्हं पाण्यात सोडायचं आणि त्याचा दांडा दातांत धरायचा. बाहेरगावच्या लोकांत हशा पिकला. मग गावातलेही काही जण हसले.

अध्यक्ष होत्या नफिसा मुकादम, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. त्या हसल्या नाहीत. त्यांनी केतकीकडे वळून तज्ज्ञ म्हणून तिचं मत विचारलं.

केतकी म्हणाली, "या दाव्याला शास्त्रीय आधार नाही."

दिगंबरांनी फोनकडे पाहिलं, ते वाक्य वाचलं आणि खाली बसले.

घरी गेल्यावर त्यांनी दिवा जवळ ओढला. जाळ्याचा फाटलेला कोपरा विणत बसले. केतकीची आई सुमती भात वाढत होती. केतकीने तिला समजावून सांगितलं की तारेचा पुरावा डोळ्यांनी दिसतो, आबांचं म्हणणं कुणी तपासू शकत नाही, आणि तिथे मुलगी म्हणून बोलता येत नव्हतं. सुमतीने सगळं ऐकून घेतलं.

"तो बहिरो आसा," ती म्हणाली. "खोटारडो नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता दिगंबरांनी होडी पाण्यात लोटली आणि केतकीला हाताने खूण केली. ती गेली, पण त्यांचं ऐकायला नव्हे. तिथे काही नाही हे एकदा त्यांना प्रेमाने दाखवून द्यावं, असं तिच्या मनात होतं.

सूर्य कलला तेव्हा ते क्षेत्राच्या मध्यावर पोहोचले. दिगंबरांनी इंजिन बंद केलं. वाऱ्याची झुळूक आणि होडीच्या बाजूला चुबकणारं पाणी, एवढंच ऐकू येत होतं. दिगंबरांनी लांब वल्हं उभं धरून पाण्यात सोडलं, दांडा दातांत पकडला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. मग दांडा धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी तिच्यापुढे केला.

"दातांत धर. घट्ट. आणि वायच गप रव."

आधी तिला स्वतःच्याच रक्ताची धडधड ऐकू आली. मग त्या धडधडीमागून बारीक तडतड, गरम तेलात मोहरी पडावी तशी, थांबतच नव्हती. आणि त्या तडतडीच्या खालून ते आलं. धुम धुम धुम, क्षणभर थांबून पुन्हा धुम धुम धुम. आधी एका ठिकाणाहून, मग दोन, मग मोजता येणार नाही इतक्या. ते कानात वाजत नव्हतं, कवटीत वाजत होतं. केतकीने दांडा तोंडातून काढला आणि सगळं थांबलं. वारा, चुबकणारं पाणी, बाकी शांतता. तिने पुन्हा दात टेकवले. सगळं होतं तिथेच होतं.

"आयकलंस?" दिगंबरांनी विचारलं.

तिला मान हलवायचीही लाज वाटली.

यात चमत्कार काहीच नव्हता आणि हे तिला इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि फार दूर जातो. पण पाण्याच्या पृष्ठभागापाशी आला की जवळजवळ सगळाच्या सगळा उलट फिरतो, हवेत शिरतच नाही. म्हणून होडीत बसलेल्या माणसाला समुद्र मुका वाटतो. ते मुकेपण त्या पातळ सीमेचं असतं, त्याखाली बाजार भरलेला असतो. कातळातली बोटभर कोळंबी आपली नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. लाखो कोळंब्यांची ती तडतड. घोळ मासा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून मादीला साद घालतो, तो ढोल. राहिला दिगंबरांचा प्रश्न. त्यांच्या कानाच्या मधल्या भागातली इवलीशी हाडं एकमेकांत जखडली होती, त्यामुळे हवेतून आलेला आवाज आत पोहोचत नव्हता. आतला कान शाबूत होता. लाकडातून दातांत, दातांतून जबड्याच्या हाडात, हाडातून थेट आत, अशी वाट त्यांच्यासाठी उघडी होती. गावात त्यांच्याशी बोलायचं तर फोन लागायचा. समुद्राला लागत नव्हता.

मग तारेला हे ऐकू कसं आलं नाही?

पुण्याला परतल्यावर केतकीने तोच एक प्रश्न धरून ठेवला. ही तार म्हणजे देशोदेशी संदेश नेणारी जुनी काचेची केबल. तिच्या एका टोकातून प्रकाशाचे ठिपके सोडले की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून थोडा प्रकाश मागे येतो. जवळपास आवाज झाला तर काच केसाच्या कितीतरी लाखाव्या भागाइतकी ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. त्या बदलावरून आवाज परत घडवता येतो. अशा रीतीने तारेच्या दर दहा मीटरचा एक कान होतो, आणि किनाऱ्यालगत असे हजारो कान मांडून ठेवलेले होते. त्यांनी घोळ ऐकले नसतील, हे शक्यच नव्हतं.

तिने मूळ, न गाळलेली नोंद उघडली. कातळबंदर, संध्याकाळी सहा. ढोल होते. आदल्या दिवशीही होते. महिनाभराच्या प्रत्येक संध्याकाळी होते.

नकाशात ते नव्हते, कारण मध्ये 'चाळण' होती. ही संगणकप्रणाली नऊ वर्षांपूर्वी केतकीनेच लिहिली होती. तेव्हा तारा फक्त जहाजं आणि भूकंप ऐकायच्या. एका सुरात, ठरल्या वेळी, तासन्‌तास चालणारा आवाज म्हणजे पंप, असं तिने चाळणीला शिकवलं. दिवसरात्र सगळीकडे सारखी येणारी तडतड म्हणजे तारेची स्वतःची खरखर, असंही शिकवलं. दोन्ही काढून टाकायचे. पुढे तीच चाळण सजीवांचे नकाशे करायला वापरली गेली आणि तिच्यासकट कुणालाही ती पुन्हा तपासावीशी वाटली नाही. समुद्रात जे जिवंत होतं ते रोज, न चुकता, न थांबता बोलत होतं, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिने ते पुसून टाकलं होतं.

संस्थेचे संचालक परचुरे यांनी ती ध्वनिफीत दोनदा ऐकली. ते वाईट माणूस नव्हते. केतकीला नोकरी त्यांनीच दिली होती, पहिला शोधनिबंध त्यांनीच दुरुस्त करून दिला होता. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. मग त्यांनी हिशोब मांडावा तसं बोलायला सुरुवात केली. अकरा क्षेत्रं, एकच चाळण. क्षेत्र दोन आणि पाचमध्ये टाक्या उतरल्याही आहेत. हे बाहेर गेलं तर अकराही ठिकाणी काम थांबेल, संस्थेवर कुणी विश्वास ठेवणार नाही, सातशे माणसं घरी बसतील. त्यापेक्षा एक करता येईल. कातळबंदरचा तळ टाक्यांना योग्य नाही असं तांत्रिक कारण देऊन क्षेत्र सात वगळायला 'अगाध' तयार होईल, ते बोलतील.

"तुझं गाव सुटेल," परचुरे म्हणाले. "नवी चाळण आपण पुढच्या वर्षी शांतपणे आणू. कुणाचं नाव कुठे येणार नाही."

केतकीने उद्यापर्यंत वेळ मागितला. खरं तर तिचा होकार ओठांवर आला होता. आबांची होडी राहील, संध्याकाळ राहील, आपली सहीसुद्धा राहील. तिने घरी फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. आईच्या हातातल्या फोनवर अक्षरं उमटत गेली, ती आबा वाचत होते. मग त्यांचा मोठा आवाज आला.

"बाकीच्या धा गावांत वल्ह्याक दात लावणारो कोण नाय?"

केतकीने परचुऱ्यांना होकार कळवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुकादमबाईंच्या समितीला एका पानाचं पत्र पाठवलं. आपण सही केलेले अकराही नकाशे चुकीचे आहेत, चूक कुठे झाली, ती कुणाची, हे तिने पाच परिच्छेदांत लिहिलं आणि खाली सही केली. दुपारी कार्यालयाचं दार तिच्या ओळखपत्राला उघडेना. संध्याकाळी नोटीस आली. न गाळलेली नोंद ही संस्थेची मालमत्ता आहे. तिचा एक सेकंदही कुणाला दिला, ऐकवला किंवा वर्णन केला तर कारवाई होईल.

नोंदीशिवाय नुसत्या पत्राला समितीपुढे वजन नव्हतं, आणि त्या काळात ही फार मोठी अडचण होती. कुणीही घरबसल्या संगणकावर पाच मिनिटांत देवमाशाचं गाणं तयार करू शकत होतं. काही वर्षांपूर्वी एका खटल्यात अशी बनावट गाणी सादर झाली होती, तेव्हापासून खाजगी माणसाने पाण्यात मायक्रोफोन सोडून केलेली नोंद पुरावा म्हणून चालत नव्हती. फक्त तारेची नोंद चालायची, आणि तार संस्थेच्या ताब्यात होती. आवाज खरा असून तो ऐकवण्याचा एकही मार्ग कायद्याने शिल्लक ठेवला नव्हता.

केतकीने कायदा तीनदा वाचला. तिसऱ्यांदा तिला कलम एकोणीस दिसलं. स्थानिक रहिवाशाने लेखी हरकत घेतली तर समितीने जागेवर जाऊन स्वतः पाहणी करणं बंधनकारक होतं. तिने कातळबंदरच्या पत्त्यावर, मेथर कुटुंबातली एक सदस्य म्हणून, अर्ज केला. तज्ज्ञ हा शब्द त्यात नव्हता.

होड्या हव्या होत्या. मच्छीमार सोसायटीच्या आवारात तिने लोकांना बोलावलं. व्यासपीठावरून ती सराईतपणे बोलायची. इथे बर्फाच्या पेट्यांमध्ये उभं राहून तिला शब्द शोधावे लागले.

"त्या दिवशी आबा खरं बोलत होते," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण मी त्यांना एकदाही विचारलं नाही, हेही खरं आहे."

मागून कुणीतरी म्हणालं की काल तू कंपनीची होतीस, आज आमची झालीस, उद्या कुणाची होशील. केतकी म्हणाली की माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण येऊन ऐका. ज्यांनी त्या दिवशी हसण्यात भाग घेतला होता, त्यांतला एक जण सगळ्यांत आधी उठला आणि माझी होडी धरा म्हणाला. एकूण नऊ होड्या झाल्या.

पाहणीच्या दिवशी समुद्र तेलासारखा शांत होता. मुकादमबाई दिगंबरांच्या होडीत बसल्या. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी होडीत चढताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. समितीतले दुसरे सदस्य, अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक, शेजारच्या होडीत होते. सबनीस वकील कंपनीच्या लाँचमधून आले. लाँच थोड्या अंतरावर थांबली, पण तिचं जनित्र चालूच होतं. सुरक्षेसाठी, असं ते म्हणाले.

होड्यांची इंजिनं बंद झाली. वल्ही पाण्यात गेली. पाच वाजून चाळीस मिनिटं. पन्नास. सहा. दिगंबर दांड्याला दात लावून बसले होते आणि मान नकारार्थी हलवत होते. केतकी घड्याळाकडे पाहत होती. मासे काही समन्स बजावल्यासारखे हजर होत नाहीत, हे तिला माहीत होतं. आज आलेच नाहीत तर पुन्हा पाहणी मागता येणार नव्हती. दिगंबरांनी दांडा सोडला आणि लाँचकडे बोट दाखवलं.

"त्येचा मशीन बंद करा. घोळींका त्रास होता."

सबनीस म्हणाले की नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही. मुकादमबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता सांगितलं की पाहणी माझी आहे, जनित्र बंद करा. ते बंद झालं. दहा मिनिटं गेली. दिगंबरांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैलावला आणि त्यांनी दांडा बाईंपुढे धरला.

बाई जरा घुटमळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या की माझी वरची कवळी आहे. फोनवर ते वाचून दिगंबरांनी आपल्या कानामागच्या हाडावर बोट टेकवून दाखवलं. बाईंनी पदर बाजूला केला, दांडा कानामागे टेकवला आणि कान बोटाने बंद केला.

त्यांचा चेहरा बदलला नाही. न्यायालयात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाचा चेहरा सहजी बदलत नाही. पण त्यांनी दांडा सोडलाही नाही. प्राध्यापकांनी दोनदा ऐकलं, वल्हं बदलून मागितलं आणि तिसऱ्यांदा ऐकलं. दुसऱ्या होड्यांत, ज्यांनी जन्मभर याच पाण्यावर जाळी टाकली होती अशी माणसं वल्ह्यांना दात लावून वाकून बसली होती आणि एकमेकांकडे बघत होती.

अखेर बाईंनी लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं. "सायंकाळी सहा वाजून अकरा मिनिटे. मी स्वतः ऐकले."

सबनीसांनी लाँचवरून हरकत घेतली. कायद्यात पाहणी असा शब्द आहे, ऐकण्याची तरतूद नाही, आणि याची ध्वनिफीत नसल्यामुळे हा पुरावा होत नाही.

"ध्वनिफीत बनवता येते, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या. "माझं डोकं अजून कुणी बनवलेलं नाही. या, तुम्हीही ऐका."

सबनीस आले नाहीत. तेही लेखनिकाने लिहून घेतलं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. क्षेत्र सातचा दाखला रद्द झाला. चाळण एकच असल्यामुळे बाकीच्या दहा नकाशांनाही स्थगिती मिळाली आणि प्रत्येक ठिकाणी फेरसुनावणीचा आदेश निघाला; समितीने ऐकावं आणि ठरवावं. 'अगाध' वरच्या न्यायालयात गेली. तिथला निकाल लागेपर्यंत दोन आणि पाचमधले पंप चालूच राहणार होते. चुकीच्या नकाशांवर सह्या केल्याबद्दल केतकीचा तज्ज्ञ म्हणून असलेला परवाना दोन वर्षांसाठी निलंबित झाला. ती शिफारस मुकादमबाईंच्याच समितीने केली होती. केतकीला ती योग्य वाटली. तिने अपील केलं नाही.

संस्थेने मात्र गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल तिच्यावर दावा लावला. पुण्याचं घर सोडून ती कातळबंदरला राहायला आली. सकाळी आईबरोबर बाजाराला मासळी न्यायची, दुपारी बाकीच्या गावांतून येणाऱ्या फोनना उत्तरं द्यायची. तुमचं वल्हं कुठल्या लाकडाचं, पाणी किती खोल, कुठल्या वेळी ऐकायचं. क्षेत्र पाचमधल्या एका बाईने विचारलं की आमच्याकडे पंपाचाच आवाज येतो, मासे बोलत नाहीत, मग आता काय. केतकीने तिला सांगितलं की रोज त्याच वेळी ऐका आणि रोज हेच लिहून ठेवा. गप्प झाल्याचीही नोंद लागते.

जानेवारीत वकिलांचं पत्र आलं. दावा मागे घ्यायला संस्था तयार होती. परवाना लवकर परत मिळावा म्हणून परचुरे स्वतः शब्द टाकणार होते. अट एकच. केतकी मेथर यांनी यापुढे कोणत्याही जनसुनावणीत तोंडी, लेखी किंवा अन्य कोणत्याही स्वरूपात काहीही बोलू नये.

तिने पत्र दोनदा वाचलं, मग आबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि क्षेत्र दोनला जायला एसटी किती वाजता सुटते एवढंच विचारलं.

केतकीने उत्तर हाताने लिहिलं.

'आपलं पत्र मिळालं. क्षेत्र क्रमांक दोनची फेरसुनावणी एकोणीस तारखेला सकाळी अकरा वाजता आहे. मी बोलणार आहे. आपण यावं, आणि ऐकावं.'